वारसा यादीतला बंगला

स्टेशनजवळच्या निजामाच्या काळातल्या बंगल्यात आई धुणीभांडी करायची. एकदा अंगात ताप असताना ती व्हरांड्यातल्या खुर्चीवर टेकली, तर मालकानं दंड धरून तिला फाटकाबाहेर काढलं. मी तिथंच उभा होतो.

पुढं मी जुन्या वास्तूंची यादी करणाऱ्या कचेरीत लागलो. तेव्हा मालकाला बंगला पाडून हॉटेल बांधायचं होतं. मी कमानी, सागवानी जिना, रंगीत काचा यांचे फोटो काढून अहवाल लिहिला आणि बंगला वारसा यादीत गेला.

म्हातारा मालक कचेरीत आला. "साहेब, एवढं काय आहे हो त्या घरात?"

"लई महत्त्वाचं घर आहे," मी म्हणालो. "आता पाडता येणार नाही."

अहवालातला शब्द न् शब्द खरा होता. तरी तो मी सूड म्हणूनच लिहिला, आणि त्याचा मला अजून पस्तावा नाही.