पाऱ्याला अपवाद म्हणू नका

शेवटच्या भेटीत ताईने तोंडातला थर्मामीटर काढून माझ्या हाती दिला. "तू वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही." ताप इतका होता की थर्मामीटर तसाच फडताळात ठेवून मी रिक्षा आणायला धावले... रुग्णालयातून ताई परतली नाही.

लिहिण्याची मला सवय नाही; साठी उलटल्यावर हा पहिलाच प्रयत्न. पण पनवेलच्या ज्या महाविद्यालयात माझ्या बहिणीने रसायनशास्त्र शिकवले, तिथल्या शोकसभेत माजी प्राचार्य म्हणाले, "अशा निमूट, आज्ञाधारक बाई म्हणजे अपवाद." तिच्याविषयीचा हा शेवटचा शब्द ठरू नये, म्हणून लिहिते आहे.

'अपवाद' हा शब्द त्यांच्या आवडीचा. मोरा बंदराकडून येणाऱ्या एका मुलीने ताईला वर्गात विचारले होते, "मॅडम, सोनं घट हाय, शिसं बी घट हाय. मंग पाराच कसा पातल?" पुस्तकात उत्तर होते, अपवाद. ताईने मात्र दोन तास घेऊन समजावले. पाऱ्याच्या जड अणुकेंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. तिथे सापेक्षतेचे नियम लागू होतात, कक्षा आकसतात आणि बाहेरचे दोन इलेक्ट्रॉनही आपल्याच अणूला असे बिलगून राहतात की शेजारच्या अणूंशी बंध दुबळा पडतो. म्हणून पारा इतका सहज वितळतो. "नाहीतर आपल्या मे महिन्यातही तो खिळ्यासारखा घट्ट राहिला असता," ती म्हणाली. "मग ताप कशाने मोजला असतास गं?"

प्राचार्यांनी ताईला बोलावून घेतले. "मॅडम, एका गुणाचा प्रश्न. अपवाद म्हणायचं आणि पुढे जायचं."

"थांबा न घेता पुढे जायला मी काय एसटी आहे, सर?"

जूनमध्ये तिच्याकडून बारावीचा वर्ग काढून घेतला. निवृत्तीपर्यंत तिला प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांवर देखरेख करायला बसवले. आणि तेच गृहस्थ तिच्या फोटोला हार घालून तिला आज्ञाधारक म्हणतात... निमूट तिला त्यांनी केले होते. ती तशी नव्हती. रागावणेही माझ्या स्वभावात नाही. तरी हा राग ओसरत नाही, आणि तो ओसरावा असे मला वाटतही नाही.

"मावशी, पाऱ्याचा थर्मामीटर टाकून दे, फुटला तर निस्तरायचं कोणी?" ताईचा मुलगा म्हणतो. त्याचे चुकत नाही. पण झटकल्याशिवाय त्यातला पारा उतरत नाही, आणि मनगटाचा तो एक हिसका दिल्याशिवाय ताई थर्मामीटर कधी ठेवत नसे; त्या दिवशी तो मी ठेवला. तिचा शेवटचा ताप त्या काचेत अजून तसाच उभा आहे. फडताळाची किल्ली मी माझ्याकडे घेतली आहे.