चौथ्या नळीतलं रक्त

"वर्गातली सगळ्यात खडूस टीचर कोण?" रक्त घ्यायला दंडाला रबरी पट्टा बांधताना आमच्या बाई विचारायच्या. तेरा-चौदा वर्षांचं पोर आधी बावरायचं, मग नाव आठवायला लागायचं, आणि ते आठवेपर्यंत सुई आत गेलेली असायची. उल्हासनगर कॅम्प एकमधला एक सिंधी मुलगा म्हणाला होता, "टीचर छोडो मॅडम, अभी तो आपही हो." बाई खळखळून हसल्या, पण हात हलला नाही. त्यांचा हात कधी चुकला नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोक वेगळं बोलले.

ज्या घरात कुणाला टीबी निघाला, तिथल्या मुलांचं रक्त आम्ही घ्यायचो. मुलं धडधाकट असत, खोकतही नसत. जंतू अंगात येऊन दडून बसलाय का, एवढंच बघायचं. दडलेला सापडला तर काही महिने गोळ्या, आणि आजार व्हायच्या आतच अडवायचा. एकेकाच्या चार बारक्या नळ्या. बाई मला शिकवायच्या, "पहिली नळी नुसती तुलनेला. पुढच्या दोन नळ्यांत जंतूचा अंश असतो. रक्तातल्या पेशींची त्याच्याशी गाठ पडली असेल तर त्या ओळख दाखवतात. चौथ्या नळीत त्यांना मुद्दाम डिवचायचं. तिथेही गप्प राहिल्या, तर समज, मेल्या. मग बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही." आणि लगेच दटावायच्या, "रक्त जिवंत असतं गं. भाजी आणल्यासारखी पिशवी हलवू नकोस."

मी नुकतीच लसीकरणातून त्यांच्या हाताखाली आले होते. दहा वर्षं एकच गोष्ट अंगात मुरलेली: उन्हाळा असो, वीज जावो, डबा थंड पाहिजे.

त्या दिवशी आम्ही बदलापूरला, सोनिवलीकडच्या नव्या इमारतींमध्ये होतो. एप्रिलचं ऊन. पाच मुलांचं रक्त घेऊन झालं. बाई एका आजीला समजावत थांबल्या आणि नळ्यांचा स्टँड माझ्या हातात देत म्हणाल्या, "सावलीत ठेव." सकाळी जुन्या केंद्रावर लसी पोचवून आले होते, तो डबा माझ्याजवळच होता, आत बर्फ होता. या उकाड्यात सावलीपेक्षा बर्फ बरा, असं मला वाटलं. मी अगदी काळजीने नळ्या आत ठेवल्या, झाकण घट्ट लावलं.

प्रयोगशाळेत बाईंनी तो डबा उघडला. नळ्यांना बाहेरून घाम सुटला होता. त्यांनी एकेक नळी हातात घेऊन पाहिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "थंडीने पेशी मरतात गं. तरी तपासणीला लावून तर बघू," एवढंच म्हणाल्या. पाचही मुलांची चौथी नळी गप्प निघाली. रिपोर्टवर आलं, निदान करता येत नाही.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. "नळ्या माझ्या ताब्यात होत्या," बाई म्हणाल्या. मी तोंड उघडलं नाही. माझी नोकरी कंत्राटी होती. त्यांचीही कंत्राटीच होती.

चार घरांनी पुन्हा रक्त दिलं. पाचवं घर नववीतल्या एका मुलीचं. बाप टीबीच्या गोळ्यांवर, त्याचा बोभाटा होऊन आधीची खोली सोडावी लागलेली. तिची आई दारातच म्हणाली, "चार नळ्या भरून नेल्या, त्याचं काय केलंत? माझ्या पोरीच्या अंगात रक्त आहे का एवढं?"

"ताई, चूक आमची आहे. रक्त नका देऊ, पण डॉक्टरांना दाखवून गोळ्या तरी सुरू करा," बाई म्हणाल्या.

"रिपोर्ट दाखवा, मग देते. उगीच धडधाकट पोरीला औषधं चारू?"

आणि रिपोर्ट तर आम्हीच मारून टाकला होता.

बाई तरी जात राहिल्या, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पैशाने रिक्षा करून. एकदा मी बरोबर गेले. दार उघडलं नाही. आतून मुलीचा आवाज आला, "आई, त्या मॅडम परत आल्यात." बाई बंद दाराकडे बघून म्हणाल्या, "बेटा, ताप आला, डोकं दुखलं तर लगेच सांग हं."

डिसेंबरमध्ये तिला ताप आला. डोकं दुखायला लागलं. घरच्यांनी परीक्षेचं टेन्शन समजून पंधरा दिवस काढले. हॉस्पिटलात नेलं तेव्हा टीबी मेंदूपर्यंत गेला होता. सहाव्या दिवशी ती गेली.

मार्चमध्ये बाईंचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कपाटाच्या किल्ल्या देताना मी रडायला लागले, तेव्हा त्या चिडून म्हणाल्या, "रडू नकोस. तुझं नाव सांगितलं असतं तरी जबाबदारी माझीच होती, दोघी घरी बसलो असतो. पोरांचं रक्त कुणी काढलं असतं?" पुढे अंबरनाथच्या एका खासगी लॅबमध्ये लागल्या. दोन वर्षांनी हृदयविकाराने गेल्या. मला चार दिवसांनी कळलं.

त्यानंतर मी त्या मुलीच्या घरी गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. या वेळी आईने दार उघडलं, बसायला खुर्ची दिली. पाण्याचा ग्लास समोर ठेवला.

"तुमच्या त्या मॅडम किती फेऱ्या मारायच्या," ती म्हणाली. "मी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्या हातून चूक झाली असेल, पण माणूस वाईट नव्हतं. त्यांना सांगा, मी माफ केलंय. एकदा घेऊन या."

"बाई गेल्या," मी म्हणाले.

तिने तोंडाला पदर लावला. नळ्या बर्फात मी ठेवल्या होत्या, ही दुसरी गोष्ट सांगायची राहिली होती. मी तिने दिलेलं पाणी प्यायले आणि निघून आले.