नागोजीची उलटी गाठ

जुन्या हुबळीत नागोजी जुने दिवे दुरुस्त करतो. टेबलावरचे, भिंतीवरचे, देवघरातले. मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून सकाळी त्याच्या दुकानात बसतो. तो अर्धं काम करत नाही, म्हणून मला तिथं बसवतं. वायर कुजली असेल तर जोड देत नाही. सगळी काढतो, नवी ओढतो.

होल्डरच्या आत तो वायरीच्या दोन टोकांची गाठ मारतो. बाहेरून हिसका बसला तर ताण गाठीवर यावा, स्क्रूवर नाही. ही गाठ त्याची उलटी पडते. शिकताना तो उस्तादांच्या शेजारी न बसता समोर बसला. समोरून दिसली तशी हातात बसली. उस्तादांनी शिव्या घातल्या, मग ओढून बघितली आणि तशीच राहू दिली. काम संपलं की नागोजी होल्डरच्या स्क्रूवर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका देतो. कुणी उघडलं तर ठिपका तडकतो.

त्याची आई शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हती. त्यामुळं तो म्हणायचा, स्वतःचं काम ओळखता आलं नाही त्या दिवशी दुकान बंद. करंटच्या कामात विसरून चालत नाही.

मागच्या महिन्यात विद्यानगरच्या अंबूताई पितळी दिवा घेऊन आल्या. मधेच विझतो म्हणाल्या. लेकीच्या लग्नाच्या वेळी इथूनच दुरुस्त करून नेला होता, असं सांगून बाजारात गेल्या.

नागोजीला काही आठवेना. ठिपका त्याचाच होता, अखंड. त्यानं होल्डर उघडला. गाठ सुलटी होती.

नंतर कुणी उघडलं असेल, मी म्हणालो. त्यानं ठिपक्याकडं बोट दाखवलं. मग सुतळी घेऊन गाठ मारली. उलटी. पुन्हा मारली. उलटीच.

"मग ही कुणाची, अण्णा?" त्यानं विचारलं. "माझे हात मधे कधी बदलले होते?"

तो उठला आणि शटर ओढायचा आकडा शोधू लागला.

तेवढ्यात मागच्या घरातून त्याची बायको सुशीला चहा घेऊन आली. दुकान बंद करतोय, एवढंच तो म्हणाला. कारण मी सांगितलं. तिनं होल्डर हातात घेतला.

"ही माझी गाठ. तुम्ही काविळीनं पडला होता. ताईंच्या घरी लग्न, दिवा पाहिजे होता."

"तुला कुणी शिकवलं?"

"तुमच्यासमोर बसून शेंगा फोडते की रोज. दिसतं."

"आणि ठिपका?"

"रंग माझाच आहे. तुम्हीच घरातून दुकानात उचलून आणलेला."

मला समजायला वेळ लागला. उलट्या गाठीसमोर बसून शिकली, म्हणून तिची सुलटी झाली. नागोजीला ते समजलं, पण त्याचा चेहरा काही मोकळा झाला नाही.

"अशा आणखी किती आहेत?"

"आठवत नाही," ती म्हणाली आणि पेले घेऊन आत गेली.

वायर चांगली होती. दोष स्विचच्या पट्टीत निघाला. नागोजीनं पट्टी घासली, गाठ जोरानं ओढून बघितली आणि तशीच ठेवली. ठिपका द्यायला बाटली उघडली, जरा थांबला, मग दिला.

दुकान चालू आहे. पण आता जुना दिवा आला की तो आधी होल्डर उघडतो, गाठ बराच वेळ बघतो आणि घरात सुशीलाला हाक मारतो.