सोनाळीच्या काठचे सात दगड

विरूपाक्ष कोरे, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, मूळचे निलंग्याचे. सरकारी मोजणीदार म्हणून तेहतीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी दाखवल्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर ते हरणमाळलाच राहिले. लोहा-कंधारच्या बाजूचं हे नगरपरिषदेचं गाव, आणि त्याच्या मधोमध सोनाळी नदी. नदी म्हणायची एवढंच. पावसाळा सरला की पात्रात गावाचं सांडपाणी आणि काठावर घरं पाडल्याचा मलबा.

दोन वर्षांपूर्वी नदी सुधारायचा आराखडा करायचं ठरलं. बांधकामवाल्यांना काठाला भिंत हवी होती, पाणीपुरवठा खात्याला गटाराची पाइपलाइन, भाजीवाल्यांना गाडे लावायला जागा. तीन बैठका झाल्या. तिन्हींत चहा संपेपर्यंतच काय ती एकी टिकली. मुख्याधिकारी शिल्पा मॅडम नव्या होत्या. त्यांनी अप्पांना बोलावून घेतलं.

"अप्पा, तुम्ही भावाभावांच्या हद्दी मिटवल्यात. या सगळ्यांना एका टेबलाभोवती आणा."

"टेबल नको, मॅडम. सतरंजी द्या. टेबलाची एक बाजू साहेबाची असती."

अप्पांच्या पत्नी नीलम्मांनी मांजरपाटाचे चार तागे जोडून शिवले. त्यावर अप्पांनी अख्खी नदी काढली, वरच्या पुलापासून खालच्या स्मशानापर्यंत. दर गुरुवारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर ते कापड अंथरायचं, चपला बाहेर काढायच्या आणि ज्याचं जे म्हणणं असेल ते त्यानं गुडघ्यावर बसून खडूनं काढायचं. पहिल्या गुरुवारी अभियंता श्रीशैल अवघडून उभाच राहिला. दुसऱ्या गुरुवारी तो एका भाजीवाल्याशी नकाशावर ओणवा होऊन भांडत होता. अप्पांना ते बघून फार बरं वाटलं.

तिसऱ्या गुरुवारी लक्ष्मम्मा आली. काठावर कपडे धुणारी परटांची सात घरं आहेत, त्यातली ती वयानं सगळ्यात मोठी. माहेर देगलूरपल्याड तेलंगणातलं. तिनं कापडाला एक फेरी मारली आणि पिंपळाजवळ थांबली.

"हे हिरवं काय हाय?"

"बाग," श्रीशैल म्हणाला. "बाकडी, झाडं, फिरायला रस्ता."

"अन् आमचे दगड?"

अप्पा खाली वाकले. पिंपळ होता, महादेवाचं देऊळ होतं, एक पडकी भिंतसुद्धा होती. धुण्याचे सात दगड नव्हते. हा नकाशा त्यांनी त्यांच्याच अठ्ठ्याण्णव सालच्या मोजणीवरून काढला होता. त्यांना ती दुपार आठवली. त्यातल्याच एका दगडावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली होती, बाया शेजारी धुणं आपटत होत्या, आणि तरी कागदावर त्यांनी लिहिलं होतं 'मोकळी जागा'.

"चूक माझी हाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमी तवाबी तिथंच होताव. म्या लिहिलं न्हाई."

श्रीशैल कळवळून म्हणाला, "अप्पा, पुढच्या आठवड्यात नकाशे मंजुरीला पाठवायचेत. आता बदलले तर सगळं लांबेल."

"लांबू द्या," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन काठावर गेले. दुसरं टोक लक्ष्मम्मानं धरलं. पाचव्या दगडाशी ती थांबली आणि पिंपळाखालच्या मलब्याकडे बोट दाखवत म्हणाली, "हितं झरा होता, अप्पा. मे महिन्यातबी पाय घातला की गार लागायचं. मलबा पडला अन् गेला."

"हे आजवर कुणाला सांगितलं न्हाई?"

"कुणी इचारलं?"

अप्पांनी गुरुवारी तो झरा कापडावर काढला. श्रीशैलला खरं वाटेना, पण तो पहार घेऊन स्वतः आला. हातभर खाली पहारीला ओली माती लागली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं भिंतीचं काम मागे ठेवलं आणि मलबा आधी काढायचा असं लिहून घेतलं. भाजीवाल्यांनी मलबा वाहायला आपले गाडे दिले, कारण तेवढीच जागा त्यांना मोकळी होणार होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, काम सुरू होऊन अकराव्या दिवशी, खडकाच्या भेगेतून पाणी आलं. आधी गढूळ, संध्याकाळपर्यंत नितळ. लक्ष्मम्मा लुगडं खोचून आत उतरली. शिल्पा मॅडम काठावर फोन घेऊन उभ्या होत्या, पण फोटो काढायचा राहूनच गेला.

आराखडा मंजूर झाला. सात दगड त्यात नंबर घालून आहेत. धुण्याचं साबणपाणी वेगळ्या चरातून कर्दळीच्या वाफ्यात जातं, बाग वरच्या अंगाला सरकली आहे आणि भिंतीची लांबी निम्म्यावर आली आहे. वरच्या पुलापाशी गटार अजून नदीत येतं. पाइपलाइनला आणखी वर्ष लागेल. पण पिंपळाखाली आता गुडघाभर पाणी असतं, आणि त्यात बारके मासे दिसतात.

गुरुवारची बैठक चालूच आहे. मागच्या वेळी काठावर बांधायच्या घाटाला पायऱ्या किती असाव्यात यावरून श्रीशैल आणि भाजीवाले तासभर भांडले. अप्पा उठले, रस्ता ओलांडून नदीवर गेले आणि धोतर वर घेऊन झऱ्यात पाय सोडून बसले. पाणी गार होतं. बराच वेळ बसून ते परत आले, तरी पायऱ्या सात की नऊ, ते यांचं ठरलं नव्हतंच.

"चालू द्या," अप्पा म्हणाले, आणि सतरंजीवर आपल्या जागेवर बसले.