काळ्या रेघेची फळी

"भाऊजी, पातेल्याला हात लावू नका. बहात्तर तास म्हणजे बहात्तर. अजून दहा मिनिटं आहेत."

"वहिनी, एवढं उकळलं असतं तर जुना बूटसुद्धा मऊ झाला असता."

"झाला तर तुम्हालाच वाढीन. बसा."

दीर मुकाट्याने खोक्यावर बसला. गेले चार दिवस तो असाच गरीब गाईसारखा वागत होता, कारण घोळ त्यानेच घातला होता.

प्लायवूडच्या कारखान्यात सगळे तिला सालकाकू म्हणतात. वखारीत जाळायला टाकलेली झाडाची साल ती कुटते, कोमट पाण्यात भिजवते, गाळते आणि आटवून तिचा गोंद करते. ही विद्या माहेरची. तिचा बाप सालीच्या पाण्यात कातडी कमवायचा. त्या पाण्याच्या आसपास तो खिळासुद्धा फिरकू द्यायचा नाही, कारण सालीच्या पाण्याला लोखंड लागलं की त्याची शाई होते. नेमकं हेच दिराला ठाऊक नव्हतं. स्टीलची बादली गळायला लागली, तेव्हा पठ्ठ्याने अख्खा घाणा गंजक्या पिंपात ओतला. सकाळी बघतात तर तांबडा गोंद काळा ठिक्कर.

"फेकून द्या," कारखान्याचे साहेब म्हणाले होते. "उद्यापासून शहरातून तयार गोंद आणू. ही शेड मला रिकामी हवीच आहे."

काकूने काठी बुडवून वर धरली. गोंदाची तार एकसारखी खाली आली, कुठे तुटली नाही.

"रंगाला काय विचारता, साहेब? पकडीला विचारा. याच गोंदाची फळी करते आणि उकळते. सुटली तर शेड तुमची."

गोंद कडक होण्यासाठी नेहमीची पावडर घालून तिने तो पातळ फळ्यांना फासला, दिराने त्या गरम प्रेसमध्ये दाबल्या, आणि त्यातले चार तुकडे बहात्तर तास उकळायला पातेल्यात गेले.

आता साहेब पटाशी-हातोडी घेऊन आले. काकूने चिमट्याने वाफाळता तुकडा काढून बाकावर ठेवला. कडेला काळी रेघ होती.

"ही रेघ दिसते की," साहेब कुरकुरले.

"किनार समजा. त्याचे जास्त पैसे लावत नाही."

साहेबांनी पटाशी जोडावर धरून हातोडी हाणली. जोड हलला नाही. पुन्हा हाणली. या खेपेला फळीच उभी फाटली. काळी रेघ मात्र दोन्हीकडच्या लाकडाचे धागे मुठीत धरून बसली होती. बाकीचे तीन तुकडेही तसेच फाटले. प्रेसवरची माणसं दारात गोळा झाली होती, ती खदाखदा हसायला लागली. दिराने तर फाटका तुकडा डोक्यावर ठेवून दोन गिरक्या घेतल्या.

साहेबांनी घाम पुसला, तसे कपाळावर काळे पट्टे उमटले. पटाशीच्या लोखंडाला ओल्या फळीतलं सालीचं पाणी लागून शाई झाली होती, ती हाताला आली होती.

"बरं, शेड राहू दे," ते म्हणाले. "पण काकू, यापुढे गोंद तांबडाच हवा."

"तांबडाच देते. तुम्ही आधी तोंड धुवा. साबणाने जायचं नाही, लिंबू चोळा."

काकूने उरलेल्या काळ्या गोंदात कुंचला बुडवून पिंपावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भाऊजींनी हात लावू नये.' मग पदर खोचला आणि सालीचं नवं पोतं कुटायला ओढलं.