बाबांच्या ऑपरेशनला मी दिलेला नकार

आमच्या गावात तलावाचं काहीही निघालं की लोक बाबांना विचारायला येतात. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, माती नुसती हातात घेऊन ती टिकेल की नाही हे बाबा सांगतात. स्वतःच्या शरीराबद्दल मात्र हा जाणकार माणूस एक नंबरचा अडाणी. संडासातून रक्त पडत होतं, ते त्यांनी मूळव्याध म्हणून वर्षभर लपवलं आणि ताक पीत राहिले. आम्हाला कळलं तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

नागपूरच्या सर्जनने मला एकटीला बाहेर बोलावलं. मी थोरली, शहरालगत मुर्रीला राहणारी, शाळेत शिकवणारी. म्हणजे घरातली शहाणी मीच. ते म्हणाले, गाठीने आतड्याची वाट जवळजवळ बंद केली आहे. हे ऑपरेशन कॅन्सर काढण्यासाठी नाही. पोटावर एक तोंड करून मळ पिशवीत काढायचा, म्हणजे त्यांना जेवता येईल आणि केमोथेरपी झेपेल. मला रागच आला. रोग तसाच ठेवायचा, वर पोटाला पिशवी लावायची, मग चिरायचं कशाला? त्यात काकांनी फोनवर सांगितलं की कॅन्सरला लोखंड लागलं की तो पसरतो. तसं काही नसतं, हे सर्जन परोपरीने समजावत होते. शिकलेली बाई मी, पण ऐकलं काकांचं. आतड्याला सूज आहे अशी थाप मारून मी बाबांना सौंदडजवळच्या आमच्या गावी घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी त्यांचं पोट तट्ट फुगलं. पाणीही उलटून पडू लागलं. त्यांच्या खाटेशी बसून मी रडत रडत सगळं सांगून टाकलं: कॅन्सर, ऑपरेशन, पिशवी आणि माझा नकार. आता रागावतील म्हणून मान खाली घातली. ते रागावलेच.

"गावच्या पाळीचं मले पुसतेत, अन्‌ माज्या पोटाचं मले काऊन नाही पुसलं?"

थोडा दम घेऊन ते म्हणाले, "तलाव तुंबला तं पाळ आपून फोडा लागते, आपून ठरवल्या जागी. नाही तं तिच्या मनानं फुटते."

त्याच दुपारी आम्ही नागपूरला जायला गाडी केली.

ऑपरेशन पार पडलं. पहिल्यांदा मी पिशवी बदलली तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. लेकीने हे करावं याची त्यांना लाज वाटत होती. मलाही अवघडल्यासारखं झालं, पण वर्गातल्या पोरांना दटावते तसं त्यांनाही दटावलं. पंधरा दिवसांत ते माझं काम तपासू लागले. कडा नीट चिकटली नाही की म्हणायचे, मातीकाम कच्चं आहे. मग स्वतःच करा, मी म्हणायचे. शेवटी खरंच स्वतः करू लागले. केमोथेरपीच्या फेऱ्या सोसत ते पोटभर वरणभात जेवले, पाळीवरून फिरले, लोकांशी भांडले. त्या महिन्यांत मला बाबा जेवढे आवडले तेवढे लहानपणीही आवडले नव्हते.

गेल्या महिन्यात नवा स्कॅन झाला. सर्जन सवयीने माझ्याकडे वळले. मी म्हटलं, त्यांनाच सांगा. बाबांनी विचारलं, आता सगळं कापून टाकता येईल का? सर्जन खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. यकृतात दोन्ही बाजूंना डाग आहेत, ते म्हणाले. सगळे कापले तर यकृतच उरणार नाही. चिरून आयुष्य वाढणार नाही, असलेले दिवस मात्र दवाखान्यात जातील. औषधं चालू ठेवू, पण सुरीचं काम आता संपलं.

बाबांनी माझा हात धरला.

"तू काय म्हणतं, बाई? मी तुले पुसून राहिलो."

मला ओरडून सांगायचं होतं की कापा, काहीही करा, माझे बाबा मला हवेत. त्यांनी हात सोडला नव्हता. उत्तराची वाट बघत होते.

"घरी जाऊ, बाबा," मी म्हणाले.