नीराबाईचे ऐन

दारावर सरकारी कागद चिकटला की नीराबाई तो सून प्रणालीकडून शिक्क्यासकट वाचून घेई. या खेपेच्या कागदात होतं की म्हसळ्याच्या बाजूची, गावामागची सरकारी डोंगरी जमीन राष्ट्रीय उद्यानाकडे जाणार आणि पुढे तिथे कुणाला शिरता येणार नाही. कुणाचा वापर असेल तर त्याने सुनावणीला येऊन सांगावं.

"उद्यान म्हंजे बाग ना? मंग बागंत बिबट्या कशाला?"

"तो आधीपासूनच आहे तिथं, आई," प्रणाली हसली.

"आन् आमी काय काल आलो?"

सुनावणी मारुतीच्या देवळात होती. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "डोंगरातून काय आणता?"

"काय न्हाय," पुढे बसलेली कृष्णाबाई म्हणाली. नीराबाईही तेच बोलून गेली. जिभेला वळणच तसं पडलेलं. भाताचं रोप टाकायची जागा आधी ऐनाच्या झाडाचे टहाळ पसरून भाजायची, तो राब. राबाशिवाय रोप धरत नाही. टहाळ डोंगरातले, तोडायला बंदी, आणि वाटेत जंगलखात्याचा गार्ड भेटला की साऱ्या गावाचं उत्तर एकच: काय तोडलं न्हाय.

साहेबांचं पेन चाललं होतं. नीराबाईला राहवेना.

"काय लिवलंत?"

"वापर नाही."

"मंग पुढं?"

"वापर नाही म्हणजे हक्क नाही. झालं."

नीराबाई उभीच राहिली. "खोडा ते. मी तोडते. दर साली."

गार्ड बाळाजी कोपऱ्यातून उसळला. "नीराबाय! काय तोडलं न्हाय म्हणून याच मारुतीची शपथ घेतली होतीस ना?"

"घेतली. कोयता पदराआड व्हता."

देऊळ हसलं. साहेब मात्र चप्पल घालत म्हणाले, "दाखवा."

डोंगरात ऐन उभे होते. फांद्या छाटलेल्या, शेंडे तेवढे राखलेले.

"शेंडा का सोडता?" साहेबांनी मान वर करून विचारलं.

"त्यो काढला तर झाड मरंल. मंग फुडल्या साली राब कशानं भाजू? हे सात माझे. सासूनं दावले. पलीकडचे कृष्णाबायचे, त्यांना मी हात लावत न्हाय."

साहेब बराच वेळ एकेका झाडाचे फोटो काढत राहिले.

"साहेब, हिला दंड लागंल," बाळाजी पुटपुटला.

"लाव की," नीराबाई म्हणाली. "पन पावती दे. तिच्यावर माजं नाव लिव, ऐन लिव, आन् लगीन झाल्यापास्नं तोडते असं लिव. सरकारी शिक्का मार."

बाळाजीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी होकाराची मान डोलावली.

मागून धापा टाकत आलेली कृष्णाबाई ओरडली, "बाळाजी, मला बी एक फाड!"